थंडीत लावलेला वेग

जानेवारीच्या सुट्टीत प्रेमानंदनी आमच्या कॉम्प्युटरचा वेग वाढवून दिला आणि एप्रिलमध्ये तो मधेच बंद पडायला लागला. तेही नेमका ज्या आठवड्यात मला तो हवा होता, त्या आठवड्यात.

प्रेमानंद फौजेत आहेत. सध्या जिथे आहेत तिथे बर्फ आहे आणि नेट नाही. फोन येतो, पण मागे कुणीतरी वाट बघत उभं असल्यासारखा घाईघाईचा. संबोधी रांगायला लागली, धरून उभी राहिली, आणि एक दिवस खुर्ची सोडून थेट दारापर्यंत चालत गेली. यातलं त्यांनी काहीच पाहिलेलं नाही. मी सगळं मोबाइलवर टिपून ठेवत होते, पण ते त्यांच्यापर्यंत पोचवणार कसं?

मग धाड गावचा कुलदीप भेटला. त्यांच्याच युनिटमधला, सुट्टीवर आलेला, गुरुवारी परत निघणारा. "वहिनी, पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवा," म्हणाला, "दादाच्या हातात नेऊन देतो. आमच्या बराकीत एक लॅपटॉप आहे, त्याच्यावर सगळेच पाहू."

म्हणून मी ते सगळे तुकडे जोडून एक फिल्म केली. तुकडे जोडणं सोपं असतं. शेवटी त्यांची एक सलग फाइल बनते तेव्हा कॉम्प्युटरला खरी मेहनत पडते, आणि आमचा तिथेच मान टाकत होता. पाऊण काम झालं की पडदा गोठायचा. पडद्यावर संबोधी खुर्चीचा हात सोडून एक पाऊल उचललेली, तशीच. माउस हलत नाही, काही नाही. मग निळा पडदा, मग अंधार.

"काऊन वो, पुन्हा झोपलं का ते?" सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या.

"हो आई."

"त्याले कूलरसमोर ठेव. माणसाले गरम होते तं त्याले नाई होत का?"

"कूलरच्या हवेत पाणी असतं आई. आत ओल गेली तर पार जाईल ते."

"मंग पोरीले दिवसभर कूलरसमोर झोपवतं ते चालते!" त्यांनी संबोधीला उचलून तिच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. त्या चिडवत होत्या. पण मला त्या दिवसापासून संबोधीच्या कपाळाला दर थोड्या वेळानं हात लावून बघायची सवय लागली. तशी आधीही होतीच म्हणा.

पुढे जाण्याआधी सांगते, जानेवारीत काय केलं होतं ते. प्रोसेसरला कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, याला ओव्हरक्लॉक म्हणतात. प्रेमानंद स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून दोन दिवस टेबलाशी बसले होते. वेग एक पायरी वाढवायचा, चाचणी लावायची, चहा प्यायचा, परत एक पायरी. मी शेजारी, संबोधी माझ्या मांडीवर, नुकती बसायला लागलेली. "वेगाचा आकडा छत्तीसचा चव्वेचाळीस केला," ते म्हणाले. "पाह्य, एकदाही हलला नाही. ध्यानात ठेवजो, कसं केलं ते." मी ध्यानात ठेवलं. ते निघायचे होते, त्यामुळे त्या दोन दिवसांत त्यांच्या हातांखेरीज मी दुसरीकडे बघतच नव्हते.

आता मी एकेक गोष्ट तपासायला घेतली. एका वेळी एकच बदल करायचा, हेही त्यांनीच शिकवलेलं. आधी कॅबिनेट उघडून ब्रशनं धूळ काढली. पुन्हा फाइल बनवायला लावली, तिथेच गोठला. मग मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून, परत बसवल्या. तिथेच. मग तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडून ठेवला आणि आकडा चढताना बघत बसले. संबोधीला ताप आला होता तेव्हा थर्मामीटरकडे बघायचे तशीच. आकडा नव्वदीच्या पुढे गेला तशी मी पाठीमागे हात घातला आणि हाताला पुठ्ठा लागला.

तो मीच लावला होता. संबोधी जाळीतून पंख्यात बोटं घालते म्हणून डायपरच्या खोक्याचा तुकडा कापून चिकटपट्टीनं बसवला होता. बोटं वाचली, पण गरम हवा आतच कोंडली.

पुठ्ठा काढला आणि टेबलासमोर धान्याच्या दोन कोठ्या आडव्या लावल्या, म्हणजे पोरगी तिकडे जाणार नाही. आकडा बराच खाली आला. यावेळी पडदा जास्त वेळ टिकला. संबोधीनं पाऊल उचललं, टेकवलं, दुसरं उचललं. आणि गोठली.

बुधवारी दुपारी त्यांचा फोन आला. मी पोरीची खुशाली सोडून आधी हेच सांगितलं.

"डिफॉल्ट लोड कर," ते म्हणाले. "बायोसमध्ये जाय, एक बटन दाब. कंपनीच्या वेगावर येईन. विषय संपला."

"मग तुम्ही केलेलं सगळं जाईल."

"जाऊ दे न मंग. मी आलो की करतो पुन्हा. कायले टेन्शन घेतं? किती आहे तिकडं?"

"त्रेचाळीस."

"काय?"

"बाहेर त्रेचाळीस. भिंतीला हात लावला तर चटका बसतो."

"आमच्या इथं दाढीवर बर्फ जमतो," ते हसले. "कुलदीपसोबत कॉम्प्युटरच पाठवून दे, पन्नासवर पळवतो इथं."

मीही हसले. फोन कटला. आणि मग मला ते एकदम दिसलं, जे तीन दिवस डोळ्यांसमोर असून दिसत नव्हतं. त्यांनी चाचणी घेतली होती ती स्वेटर घालून. त्या वेळी टेबल खिडकीजवळच्या थंड कोपऱ्यात होतं. मार्च लागला तसा तो कोपरा मी संबोधीच्या झोळीला दिला आणि टेबल पश्चिमेच्या भिंतीला सरकवलं. उन्हाळ्यात आमच्याकडे अख्खं घर असं सरकतं. खाटा, पाण्याचा माठ, बसायच्या जागा, सगळं कूलरच्या दिशेनं. ती भिंत पहाटेसुद्धा निवत नाही. हे प्रेमानंदना कुठून माहीत असणार? हे घर बांधलं आमच्या लग्नाच्या वेळी, आणि तेव्हापासून त्यांची सुट्टी दर वेळी थंडीतच आली. आमच्या घरातला उन्हाळा त्यांनी एकदाही पाहिलेला नाही. त्यांच्या मनातलं घर म्हणजे बंद दारं, गोधड्या आणि चुलीजवळ बसलेली आई. मी त्यांच्या आठवणीत कायम शाल घेतलेलीच असेन.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. थंडीतल्या घरासाठी तो वेग अगदी बरोबर होता.

ते बटन मला दाबवेना. बायोसच्या पडद्यावरचे ते आकडे त्यांच्या बोटांनी घातलेले होते. घरात त्यांच्या हातचं दुसरं होतं तरी काय? दारामागची खुंटी, आणि हे. बायोसमध्ये मांडणी नाव देऊन जतन करायला जागा असतात; मी आधी त्यांची सगळी मांडणी पहिल्या जागेत जतन केली. नाव विचारलं तेव्हा इंग्रजी अक्षरांत 'हिवाळा' लिहिलं. मग वेग एक पायरी उतरवला. चव्वेचाळीसचा त्रेचाळीस. चाचणी लावली, चहा टाकला, त्यांच्या पद्धतीनं. चहा संपायच्या आत पडदा निळा झाला. बेचाळीस केला आणि व्होल्टेज किंचित कमी केलं, म्हणजे उष्णता कमी होईल. पुन्हा चाचणी. यावेळी माझ्याच्यानं बघवेना. संबोधीला कडेवर घेऊन गच्चीवर गेले. तिथे सासूबाई कुरडया घालत होत्या.

"सुधरलं का ते?"

"माहीत नाही. चालू आहे."

"मंग इथं काऊन आली?"

"बघवत नाही म्हणून."

त्या साच्यावर वाकल्या होत्या. घाम हनुवटीवरून ठिबकत होता. "प्रेमानंदच्या वेळेस मी बी असंच करो," त्या म्हणाल्या. "भरतीले गेला तवा. घरात बसूनच नाई राह्यली."

मी मोबाइल काढला आणि तिथेच चित्रण सुरू केलं. त्यांचे हात, ओल्या कुरडया, संबोधी कुरडईवर पाय देणार म्हणून माझा ओरडा. खाली येऊन कूलरचा खडखडाट घेतला, खिडकीवरची ओली साडी घेतली, कोठ्यांच्या मागे अडकलेलं टेबल घेतलं. आणि कधी नव्हे तो मोबाइल फिरवून स्वतःला घेतलं. केस वर बांधलेले, मानेवर घामोळं, जुना सुती गाउन. म्हटलं, असंच असतं इथे.

कॉम्प्युटर चालू होता. आकडा ऐंशीच्या आत होता.

आता खरं तर फाइल बनवून मोकळं व्हायचं. उन्हाळ्याचे हे तुकडे जोडले तर काम आणखी लांबणार, आणि गोठला तर कुलदीप रिकाम्या हातानं जाणार. मी तरी जोडले. बटन दाबून समोर बसून राहिले. संबोधीनं खुर्ची सोडली, एक पाऊल, दोन पावलं. ती पडद्यावर दारापर्यंत गेली, उंबऱ्याला धरून वळली आणि हसली. मग गच्ची आली, कुरडया आल्या, कूलर आला. शेवटी मी आले आणि फाइल पूर्ण झाली.

ती मांडणी दुसऱ्या जागेत जतन केली. नाव 'उन्हाळा'.

गुरुवारी कुलदीप पेनड्राइव्ह आणि कुरडयांचा डबा घेऊन गेला. त्यानंतर कितीतरी दिवस फोन नाही. पोचला असेल का, लॅपटॉपवर चालली असेल का, थंडीत काही बिघडलं तर नसेल ना, हेच डोक्यात.

मग फोन आला.

"फिल्म चालली. इथले पोट्टे म्हणे, कूलरचा आवाज कमी कर बे, कान फुटले," ते म्हणाले. मागे कुणीतरी खोकलं. "डिफॉल्ट केलं का मंग तू?"

"नाही. तुमचं बाजूला ठेवलंय. थंडीत आलात की लावू."

"सारिका, तुले एवढं घामोळं होते?"

"दरवर्षी होतं."

"मले तं मालूमच नोतं. पुढची सुट्टी मे महिन्यात मागून पाह्यतो."

"मिळेल?"

"मागून पाह्यतो," ते परत म्हणाले आणि फोन कटला.

मी संबोधीच्या कपाळाला हात लावून बघितला. मग उगीचच पश्चिमेच्या भिंतीलाही लावला. तापलेलीच होती.