तीन पायऱ्यांच्या दारावरचे कुलूप

मी एक जुने कुलूप आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला माणसांचा राग येतो. सगळ्यांचा नाही. पण ज्यांच्या तोंडात शास्त्रवचन आणि खिशात किल्ली असते, त्यांचा फार येतो. तुम्ही म्हणाल, कुलपाला कसला आलाय राग? सात महिने एका बंद दारावर लटकून बघा, मग आपण बोलू.

माझा जन्म अलिगढचा. पितळी अंग, आत सात लिव्हर, हातात घेतले तर मनगट खाली जाईल असे वजन. तीस वर्षांपूर्वी कडुबा गवंड्याने मला गुलमंडीच्या बाजारातल्या एका दुकानातून आणले. मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या अलीकडे, आमचे छोटे चर्च तेव्हा नुकतेच बांधून झाले होते. भिंती, ओटा, दाराची चौकट सगळे कडुबाच्या हातचे. कडी-कोयंडाही त्यानेच ठोकला आणि त्यात मला अडकवले.

कडुबाला वाचता येत नव्हते. पण रविवारी चर्चचे पाळकसाहेब शास्त्रातून वाचायचे ते तो कान देऊन ऐकायचा. मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, भांडण झाले तर काय करावे, याची एक रीत शास्त्रात सांगितली आहे. भाऊ चुकला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा आणि दोघांतच बोल. त्याने ऐकले नाही तर एकदोघांना सोबत ने. तरीही ऐकले नाही, तर मग सगळ्या मंडळीला सांग. कडुबाने हे ऐकले आणि दारापुढे मोजून तीन पायऱ्या बांधल्या. त्यातली पहिली त्याने मुद्दाम चार बोटे उंच ठेवली. म्हातारी माणसे कुरकुरली, गुडघे दुखतात म्हणाली. कडुबा हसून म्हणाला, "दुखू द्या. पैलीच अवघड असती. ती चढली की बाकीच्या दोन सोप्या हायेत."

माझी किल्ली त्याच्या बायकोच्या, द्वारकाबाईच्या, पदराला बांधलेली असायची. दर रविवारी सकाळी सातला ती यायची, मला उघडायची आणि उघडाच कोयंड्यात लटकवून आत झाडायला जायची. मग उपासना संपेपर्यंत मी दारावर बसून सगळे ऐकायचो. गाणी ऐकली, लग्ने ऐकली, लेकरांची नावे ठेवलेली ऐकली. नाताळच्या आधी द्वारकाबाई मला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पाजायची आणि पदराने पुसायची. "लई इमानदार हाय बाई हे," असे ती शेजारच्या सरूबाईला सांगायची. मित्रांनो, ते ऐकून मी किती फुगायचो म्हणून सांगू! आज त्याची लाज वाटते.

आता भांडणाकडे येतो. आमच्या मंडळीत दोन मोठे वडील होते. वडील म्हणजे बाप नव्हे, मंडळीचा कारभार पाहणारे कारभारी. एक सुदर्शनभाऊ, पुंडलिकनगरात राहणारे निवृत्त मास्तर, वीस वर्षांपासून वडील. दुसरे राजेंद्रभाऊ, चिकलठाण्यात राहणारे, तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर, मागच्याच साली निवडलेले. दोघांच्या घरांमध्ये गाडीवर दहा मिनिटांचे अंतर. हे अंतर लक्षात ठेवा.

एका रविवारी कडुबाला ताप होता, म्हणून द्वारकाबाईला यायला उशीर झाला. सगळे उन्हात ताटकळले. सुदर्शनभाऊंचा पारा चढला आणि ते सर्वांदेखत तिच्यावर ओरडले, "झेपत नसंल तर चावी ठेवा ना खाली! मंडळीला उन्हात वाळत घालता का?" ती म्हणाली, "चुकलं भाऊ." तिने मला उघडले आणि तिच्यापुरते ते तिथेच संपले.

राजेंद्रभाऊंना मात्र ते रुचले नाही. बरोबरच होते, म्हातारीवर ओरडणे वाईटच. पण माणसाने काय करावे? संध्याकाळी गाडीला किक मारावी, पुंडलिकनगरला जावे, चहा घ्यावा आणि म्हणावे, मास्तर, हे बरे नाही केले. राजेंद्रभाऊंनी आठ दिवस वाट पाहिली. पुढच्या रविवारी ते व्यासपीठावर उभे राहिले आणि मंडळीचा वडील कसा असावा ते शास्त्रातून वाचू लागले. तो सौम्य असावा, रागीट नसावा, भांडखोर नसावा. मग मान वर करून म्हणाले, "सुदर्शनभाऊ, हे वचन तुमच्यासाठी हाय."

सुदर्शनभाऊ उठले. मास्तरच ते, त्यांना काय कमी पाठ! "आणि वडीलधाऱ्यावर खेकसू नको, त्याला बापासारखं समजावून सांग, हे वचन कुणासाठी हाय हो?"

मग तासभर वचने इकडून तिकडे उडत होती. दोघांचीही वचने खरी होती, आणि याचाच मला संताप येतो. खोटे बोलणाऱ्याला निदान कधीतरी लाज वाटते. खरे वचन दगडासारखे फेकणाऱ्याला ती वाटत नाही, उलट त्याची छाती आणखी पुढे येते.

सोमवारी सुदर्शनभाऊंनी द्वारकाबाईकडून किल्ली मागून घेतली आणि मला लावून निघून गेले. मंगळवारी राजेंद्रभाऊ ड्रिल मशीन घेऊन आले. माझ्या वर एक नवी कडी बसवली आणि तिला चकचकीत स्टीलचे कुलूप ठोकले. सोबत दोन माणसे साक्षीदार म्हणून आणली होती. म्हणाले, "एकदोघांना संगं न्यावं असं लिहिलंयच." हो, लिहिले आहे. पण माणसाला भेटताना न्यायचे, दाराला भोक पाडताना नव्हे.

त्यानंतर कोर्टात अर्ज झाले, वकिलाच्या नोटिसा झाल्या. एकेक कागद माझ्याच बाजूला चिकटवला जायचा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक वचन असायचे. सुदर्शनभाऊंच्या कागदावर होते, "शास्त्राप्रमाणे मंडळीला कळवण्यात येते." म्हणजे एकाने दुसरी पायरी गाठली, दुसऱ्याने थेट तिसरी. पहिलीवर कोणाचाही पाय पडला नाही. अर्धी मंडळी पुंडलिकनगरला सुदर्शनभाऊंच्या गच्चीवर जमू लागली, अर्धी चिकलठाण्याला राजेंद्रभाऊंच्या अंगणात पत्र्याखाली. पाळकसाहेबांनी कोणीच रागावू नये म्हणून एक रविवार इकडे आणि एक तिकडे वाटून घेतला. बिचारे फार सौम्य होते, इतके की त्यांचा कोणाला काही उपयोग झाला नाही.

ते स्टीलचे कुलूप आणि मी एकमेकांना खेटून लटकत होतो, पण सात महिन्यांत एक शब्द बोललो नाही. मालक तशी कुलपे.

या सगळ्यात दोनच माणसे कोणत्याही गटात गेली नाहीत. कडुबा आणि द्वारकाबाई. दर रविवारी सकाळी सातला ती दोघे यायची, पायऱ्या झाडायची आणि पहिल्या पायरीवर बसून एक गाणे म्हणून परत जायची. कडुबाचा दम हळूहळू कमी होत गेला. एकदा धाप लागलेली असताना तो तिला म्हणाला, "म्या गेलो की माझी पेटी आतून निघाली पायजे बर का. त्या भिंती म्या उभ्या केल्यात." ती म्हणाली, "व्हय, आतूनच नेऊ." मी ते ऐकले. कुलपाला घाम येत असता तर तेव्हा आला असता.

पंधरा दिवसांनी, एका गुरुवारी दुपारी, कडुबाची पेटी आली. चार जणांनी ती पहिल्या पायरीवर टेकवली. ती पायरी रुंद होती, पेटी नीट बसली. दोन्ही गट आले होते. सुदर्शनभाऊ आले, राजेंद्रभाऊ आले, आणि दोघांच्या खिशात किल्ल्या होत्या. एक दाराच्या डावीकडे उभा, एक उजवीकडे.

सरूबाई म्हणाली, "उघडा की आता."

सुदर्शनभाऊ म्हणाले, "आधी त्यांनी काढावं. मी काढलं तर चूक माझीच होती असं व्हतंय. केस चालू हाय."

राजेंद्रभाऊ म्हणाले, "कुलूप आधी कुणी लावलं? ज्यानं आधी लावलं त्यानं आधी काढावं. न्यायाचं बोला."

मित्रांनो, ऊन असे होते की पेटीवरची झेंडूची फुले माना टाकत होती. आणि ही दोन शहाणी माणसे हिशेब लावत होती की आधी कोण! मला वाटत होते, आपले सातही लिव्हर आपणच मोडावेत. पण कुलूप आतून उघडत नाही, त्याला बाहेरचा हात लागतो.

शेवटी द्वारकाबाई उठली. ती आधी सुदर्शनभाऊंपुढे गेली. "भाऊ, तुम्ही मला बोलले, त्याचा राग मला एक दिस बी नव्हता. उशीर माझाच झाला व्हता." मग ती राजेंद्रभाऊंकडे वळली. "अन् तुम्ही माझ्यापायी भांडले म्हणता. मग सात महिन्यात एकदा तरी माझ्या घरी येऊन मला इचारलं का, बाई, तुला काय वाटतं म्हणून?"

राजेंद्रभाऊंचा हात खिशाकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आता नका काढू. माझ्या मालकानं पायऱ्या बांधल्यात, तेवढ्या बास हायेत त्याला."

सरूबाईने गाणे सुरू केले. पाळकसाहेबांनी उन्हात उभे राहून प्रार्थना केली. ज्याने भिंती बांधल्या त्याची पेटी भिंतीबाहेरूनच कब्रस्तानात गेली. आणि तिला आत जाऊ न देणाऱ्यांत मी होतो. इमानदार म्हणे!

दिवेलागणीला राजेंद्रभाऊ एकटेच आले. त्यांनी आपले कुलूप उघडले, तसेच कडीत लटकवले आणि गेले. थोड्या वेळाने सुदर्शनभाऊ आले. त्यांनी ते उघडे कुलूप पाहिले, बराच वेळ पाहिले. मग मला उघडले. खिशातून फोन काढला, एक नाव शोधले, त्यावर अंगठा धरला आणि फोन परत खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी राजेंद्रभाऊ कामावर जाण्याआधी वाट वाकडी करून चर्चपुढे थांबले. दोन्ही कुलपे उघडी दिसली. गाडी बंदही न करता ते पुढे निघून गेले.

म्हणजे दोघांनाही माहीत आहे. तरी त्यानंतर तीन रविवार गेले आहेत आणि मंडळी अजून गच्चीवर आणि पत्र्याखालीच भरते. समोरच्याने येऊन सांगावे, एवढ्यासाठी दोघेही थांबले आहेत.

द्वारकाबाई मात्र येते. पहिल्या रविवारी तिने दार लोटले, सात महिन्यांची धूळ झाडली आणि पुढच्या बाकावर एकटीच बसली. सरूबाई दारातून विचारत होती, "जाऊन सांगू का दोघांना?" तर म्हणाली, "नगं. ज्याचं त्यानं चालत जावं. लई लांब नाय."

सरूबाई गेल्यावर तिने मला कोयंड्यातून काढून हातात घेतले. मला वाटले, आता तेल घालेल. तिने तेल घातले नाही. आजूबाजूला कोणी नव्हते, आम्ही दोघेच होतो. हळूच म्हणाली, "तीस वर्सं तुला पदरानं पुसलं. अन् त्याच्या येळंला तूच आडवा आलास व्हय रे?"

बस, एवढेच. कोणाला सांगितले नाही, चारचौघांत काढले नाही. मित्रांनो, नोटिसांनी मला कधी काही झाले नव्हते. त्या एका वाक्याने मात्र मी आतून सुटलो.

तिने मला खिडकीत ठेवले आहे. माझ्यावर गंज चढू लागला आहे आणि माझी तुम्हाला एकच विनंती आहे, मला पुसू नका, तेल देऊ नका, चढू द्या गंज. काळजी घ्यायचीच असेल तर बाहेरच्या त्या पहिल्या पायरीची घ्या. तुमचा कोणाशी अबोला असेल तर आज संध्याकाळीच त्याच्या घरी जा. वचन सोबत नेऊ नका, साक्षीदार नेऊ नका, एकटे जा. पायरी चार बोटे उंच आहे, गुडघा दुखेल. दार नुसते लोटलेले आहे आणि आत एक म्हातारी वाट पाहत बसली आहे.