निरोगी नमुना

मेडशीच्या शिवारात उसाला मोझॅक रोग लागला, तेव्हा सगळ्यांनी बाहेरून आलेल्या नव्या जातीकडे बोट दाखवलं. कोवळ्या पानांवर पिवळट रेघा, आखूड कांड्या, खुंटलेली वाढ. हिरवागार राहिला तो एकट्या आवडाबाईचा जुना, खायचा ऊस. तिचं बेणं, म्हणजे लागवडीच्या कांड्या, लोक हौसेनं धुऱ्याच्या, बांधाच्या कडेला लावत. ती कधी ते विकत नसे. मागेल त्याला मोळी द्यायची, हा तिच्या घरचा रिवाज होता. गावातल्या लखमानं तर रोगट ऊस उपटून नवी लागवड केली आणि कडेला पुन्हा तिच्याचकडचं बेणं आणून लावलं.

सुचिता तिची पुतणी, अकोल्याला शिकणारी. अभ्यासासाठी तिनं रोगट पानांचे नमुने गोळा केले आणि तुलनेसाठी निरोगी नमुना म्हणून मोठीमायच्या, म्हणजे तिच्या या मोठ्या काकूच्या, वावरातलं पान घेतलं.

त्या पानातच विषाणू सापडला.

हाताळणीत चूक झाली असेल म्हणून सुचितानं नवी पानं नेली, चाचणी पुन्हा केली. उत्तर तेच आलं. मग तिनं विषाणूंची जनुकीय रचना शेजारी शेजारी ठेवली. विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो. जिथे तो फार काळ मुरलेला असतो तिथे त्याची नाना रूपं सापडतात, जिथे नुकताच पोचलेला असतो तिथे थोडी. आवडाबाईच्या वावरात सगळी रूपं होती. बाकीच्या वावरांत त्यांतलंच एखाद-दुसरं. म्हणजे रोग तिच्याकडूनच पसरला होता. जुना ऊस रोग पोटात ठेवून हिरवा राहत होता. बेण्याबरोबर रोग धुऱ्यावर जाई आणि तिथून मावा ही कीड त्याला शेजारच्या नव्या उसावर नेई.

ती सांगायला आली त्याच सकाळी आवडाबाईचा भाचा गजेंद्र कामरगावहून पिकअप घेऊन हजर होता. बेण्याच्या मोळ्या बांधून तयार होत्या. कामरगावकडे हा रोग अजून पोचला नव्हता.

सुचितानं सगळं सांगितलं. आवडाबाई ऐकत राहिली.

"माह्या उसाच्या पानावर एक तरी डाग दाखव."

"डाग नाही दिसत, मोठीमाय. म्हणूनच तं कोनाले समजलं नाही."

"तुह्या मोठ्या बाबानं लावलेला ऊस हाय हा."

"मले माहीत हाय."

"वा वं सुचिता!" गजेंद्र हसला. "अकोल्याले जाऊन आमच्या आत्याच्या उसालेच नाव ठेवून राह्यली? आत्या, भाच्याले द्याचं नसन तं सरळ सांग ना. बिमारीचं नाव कायले?"

आवडाबाई हसली नाही. "हे धुवून, औषध मारून जाते का?"

"नाही." सुचिताला ते एका शब्दात सांगणं फार जड गेलं. "शेंड्याच्या अगदी बारक्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत साफ रोप करता येते. मी करून पाहीन. पन होईनच, असं नाही सांगत."

"अन् वावरातला?"

"काढाच लागन. मुळासकट."

आवडाबाईनं मोळीवर हात ठेवला. "लखमा दोनदा नेऊन गेला," ती हळूच म्हणाली. "दोन्ही खेपेले मीच निवडून देल्लं त्याले. चांगलं चांगलं."

गजेंद्रनं वाकून मोळी उचलली. तिनं त्याचं मनगट धरलं.

"ठेव ते खाली."

"आत्या, आता रिकामी गाडी नेऊ का इतक्या दूर?"

"रिकामी काहून? मले बसव तिच्यात."

गजेंद्रनं तिला हात देऊन पुढे बसवलं. सुचिता मागच्या फळीवर चढली. ज्यांनी बेणं नेलं होतं त्यांची नावं आवडाबाईला तोंडपाठ होती. पहिलं तिनं लखमाचं घर सांगितलं.

लखमा ओट्यावर होता. "या या, आवडाबाई! पानी आन वं," त्यानं आत हाक दिली.

"पानी मंग," ती उभ्यानंच म्हणाली. "लखमा, तुह्या उसातला रोग माह्या वावरातून आला. ही पोरगी कसा तं सांगन. पन आला तो माह्याच हातून."

लखमानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सुचिताकडे. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन थांबली. तो कोणी घेतला नाही.