पाटीपाशी थांबणारा मर्ल

रविवारी प्रार्थनेच्या अर्धा तास आधी हाल्व्हर गावची माणसं घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचे थर्मास घेऊन लाल 'थांबा' पाटीपाशी जमायची. अशी पाटी त्या पंचक्रोशीत एकच. शेतांकडून येणारा खडीचा रस्ता हमरस्त्याला मिळतो तिथे, म्हणून कायद्याने प्रत्येक गाडीला तिच्यापाशी उभं राहावंच लागायचं, आणि तिच्या अगदी समोर दफनभूमी. जूनपासून तिथे दर रविवारी चमत्कार व्हायचा, पावणेदहाला. चमत्कार वेळेवर होत असल्यामुळे चर्चला उशीर कुणालाच होत नसे.

चमत्कार असा. ऑर्फा टोलेफसन शेतावरून आपली तपकिरी मोटार घेऊन यायची. पाटीपाशी ब्रेक दाबला की गाडी उभी राहायची आणि इंजिन दोन उचक्या देऊन गप्प व्हायचं. समोर तिसऱ्या रांगेत तिचा नवरा मर्ल ऑक्टोबरपासून पुरलेला. बारा मैल न कुरकुरता आलेली गाडी नेमकी त्याच्यासमोर प्राण सोडते म्हटल्यावर बायका रुमाल काढायच्या आणि पुरुष टोप्या काढायचे.

मग ब्रदर गेलन पुढे व्हायचे. ते रोज सकाळी रेडिओवर, गव्हाचे भाव संपल्यावर, परलोकाविषयी बोलत. पायात पांढरे बूट. बॉनेटवर तळवा टेकून ते डोळे मिटत आणि मर्लचं म्हणणं सांगत. मर्ल म्हणायचा, मी एकटा पडलोय, मला सोडून जाऊ नकोस. कधी कधी तो दहा-दहा मिनिटं बोलायचा. जिवंतपणी चाळीस वर्षांत मिळून तो इतकं बोलला नव्हता, पण मेल्यावर माणूस सुधारत असेल, असं लोकांनी धरून चाललं.

बोलणं संपलं की ब्रदर म्हणायचे, "भगिनी, आता उजवा पाय धरणीकडे दाबा, तीनदा आमेन म्हणा आणि किल्ली फिरवा."

ऑर्फा तसं करायची आणि गाडी सुरू व्हायची. लोक खुर्च्या मिटायचे.

ऑर्फाला ह्यात काय वाटायचं? काही नाही. दात काढण्याआधी डॉक्टर गालात सुई टोचतो, तसं तिचं ऑक्टोबरपासून झालं होतं. हात लावला तर कळायचं, दुखायचं नाही. मे महिन्यात मुलीने, लिनेटने, फोन केला होता. माझ्याकडे फार्गोला राहायला ये, ऑगस्टमध्ये बाळ येईल, तुझी खोली तयार आहे. ऑर्फा बरं म्हणाली होती. मग जूनमध्ये गाडी थांबायला लागली आणि मर्ल सोडत नाही असं ठरलं. आता येत्या रविवारी गाडीची किल्ली ब्रदरच्या हाती द्यायची, पाटीशेजारी छप्पर घालून गाडी तिथे कायमची ठेवायची, आणि लिनेटला येत नाही म्हणून कळवायचं, इतकं पक्कं झालं होतं. ऑर्फा ह्यालाही बरं म्हणाली होती.

शुक्रवारी तिची मैत्रीण थोरा कॉफीला आली. तीस वर्षं शाळेत पोरांना इंजिनं खोलायला शिकवून थोरा निवृत्त झाली होती, आणि खुब्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने बहिणीकडे होती. त्यामुळे चमत्कार तिच्या कानावर नव्हता. ऑर्फाने तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा सांगितला. थोराने वडीचा दुसरा तुकडा घेतला.

"पाटीशिवाय तू गाडी चालू ठेवून कुठे उभी राहतेस गं?"

ऑर्फाने आठवून पाहिलं. चर्चपाशी ती किल्ली बंद करायची. घरीही. मधले बारा मैल थांबायला कारणच नव्हतं.

"निघताना अंगणात चालते की बराच वेळ."

"तेव्हा थंड असते. थंड इंजिन आपणच जोरात फिरतं, गरम झालं की मंदावतं. चल, एक चक्कर मारू."

आठ मैलांवर, दोन्ही बाजूंना सूर्यफुलंच सूर्यफुलं असताना, थोराने गाडी थांबवायला सांगितली. ऑर्फाने ब्रेक दाबला. दोन उचक्या, आणि शांतता.

"इथे कोण पुरलंय?" थोराने विचारलं.

"कुणी नाही. ही ऑडनची सूर्यफुलं."

"मर्ल बराच हिंडायला लागला म्हणायचं. आता तीनदा आमेन म्हण, पण उजवा पाय उचलून."

गाडी सुरू झाली, उचकली, मेली.

"आता पाय दाब आणि तोंड मीट."

गाडी सुरू झाली आणि चालू राहिली. ऑर्फाने ती घराकडे वळवली.

घरी परतल्यावर थोराने बॉनेटला हात घातला आणि थांबली. "उघडू का?" त्या भागात दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट न विचारता कुणी उचलत नाही. दुसऱ्याच्या बायकोचं पत्र फोडण्यासारखं ते समजतात. ऑर्फाने मान हलवली.

थोराने हवेची नळी सोडवली आणि आतली पितळी रंगाची झडप दाखवली, म्हणजे पितळी असायला हवी होती. ती चुलीच्या धुराड्यासारखी काळी होती. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की ही झडप मिटते, थोरा म्हणाली, आणि इंजिन कडेच्या बारीक फटीतून श्वास घेतं. फटीत काजळी बसली, श्वास कोंडला. पाय दाबला की झडप उघडते, हवा मिळते. ब्रदरच्या मंत्रातला पायच तेवढा कामाचा होता.

मग तिने एखादा जुना ब्रश मागितला. ऑर्फाने गॅरेजच्या फळीवरून कॉफीचा डबा काढला. आत काजळी विरघळवायच्या औषधाचा फवारा होता आणि हिरव्या दांड्याचा दातांचा ब्रश, केस काळेकुट्ट. हा ब्रश कुठे गेला म्हणून तिने मर्लला चार वर्षांपूर्वी विचारलं होतं. टाकला, म्हणाला होता. डब्याच्या झाकणावर त्याच्या अक्षरात एकच शब्द होता: एप्रिल.

ह्या एप्रिलमध्ये मर्ल नव्हता.

"तो अडवतोय म्हणून गाडी बंद पडत नाही, ऑर्फा," थोरा म्हणाली. "तो नाही म्हणून पडते."

ऑर्फाने ब्रश थोराच्या हाती दिला नाही. झडप तिने स्वतःच घासली.

रविवारी पावणेदहाला खुर्च्या मांडलेल्या होत्या. तपकिरी मोटार आली, उभी राहिली. ब्रदर गेलननी तळवा टेकला. इंजिन चालूच. एक मिनिट गेलं, दोन गेली. तळवा थरथरत होता, पण तो इंजिनामुळे. शेवटी ब्रदरनी डोळे उघडले आणि जाहीर केलं की प्रार्थनांना फळ आलं, मर्लला मुक्ती मिळाली.

ऑर्फाने काच खाली केली. "मुक्ती झडपेला मिळाली, ब्रदर. दातांच्या ब्रशने."

ऑडन खुर्चीतून उठला आणि टोपी हातात फिरवत म्हणाला की त्याला जूनमध्येच आयडलिंगची, म्हणजे पाय उचलल्यावर इंजिन नीट फिरत नसल्याची, शंका आली होती. त्याच्या मागच्यालाही आली होती. मोजले तेव्हा शंका आलेले अकरा निघाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत, ऑर्फाबाई."

ही माणसं कापणीचं यंत्र डोळे बांधून खोलतात आणि जोडतात. सबंध उन्हाळा ती एका काळ्या झडपेसमोर टोप्या काढून उभी होती. भाबडेपणापेक्षा भिडेपोटीच जास्त. ब्रदरसारख्या पांढऱ्या बुटवाल्यांची कमाई ह्या भिडेवर चालते. तेव्हा सांगायचं ते इतकंच: चमत्कार दिसला की टोपी काढण्याआधी बॉनेट उघडा. उघडण्याची परवानगी हवी असेल तर मागा. दुःखात बुडालेल्या माणसाला प्रश्न विचारणं हा त्याचा अपमान नसतो. कधी कधी त्याच्यासाठी तेवढंच करता येतं.

मागच्या सीटवर ऑर्फाची बॅग होती. फार्गो डावीकडे. तिने डावा दिवा लावला आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मर्ल नेहमीसारखा गप्प होता. तिचा पाय अॅक्सिलरेटरवर नव्हता, तरी इंजिन आपलं आपण चाललं होतं. कुणी अडवत नव्हतं.

तेच तिला लागलं. गालातल्या सुईचा अंमल उतरताना लागतं तसं, आधी थोडं, मग चांगलंच. रस्ता मोकळा होता, पण ऑर्फा तिथे बराच वेळ उभी राहिली. मग तिने डोळे पुसले आणि उजवा पाय दाबला.