चौथ्या वाक्यापर्यंत

सकाळचा उजेड आमच्या स्वयंपाकघरात सरळ येत नाही. आधी तो परसातल्या पेकानच्या झाडात अडकतो, मग कोंबड्यांच्या जाळीवरून घरंगळतो, आणि खिडकीशी पोचेपर्यंत त्याचा ताठा बराचसा उतरलेला असतो. त्या रविवारी तो प्रथम काकवीच्या बरणीत शिरला आणि तिथेच रेंगाळला. बरणी आतून तांबूस झाली, जणू तिला काही आठवत होते. मग तो टेबलाच्या कडेने पुढे सरकला. मक्याच्या भाकरीचे उरलेले तुकडे, ओडेसा मावशीचे इस्त्री केलेले पांढरे हातमोजे, तिची निळी हॅट, सगळ्यांवर त्याने थोडा थोडा वेळ हात ठेवला. घाई कशाचीच नव्हती. माझ्या कागदांपर्यंत तो सर्वांत शेवटी आला, आणि मला वाटून गेले की आज निदान उजेडाने तरी माझे भाषण शेवटपर्यंत वाचावे.

कारण माणसांनी ते आजवर ऐकलेच नव्हते.

दोन वर्षे मी माउंट नेबो चर्चच्या सभांसाठी रेव्हरंड टॅरंट यांची भाषणे लिहीत होतो. अटलांटाच्या कॉलेजात मी वक्तृत्व शिकलो होतो. बोलायला उभा राहिलो की मात्र घसा कोरडा पडायचा. म्हणून लिहीत होतो. प्रत्येक भाषणाचा हेतू एकच: सोमवारी कोर्टात जाऊन मतदार म्हणून नाव नोंदवायला कोण येणार? आणि प्रत्येक सभेचा शेवटही एकच. लोक छप्पर हलेल इतक्या मोठ्याने ‘आमेन’ म्हणत, डोळे पुसत, आणि रेव्हरंडांनी ‘येणाऱ्यांनी उभं राहा’ म्हटले की बसून राहत. नाव नोंदवायला गेलेल्या काळ्या माणसाचे नाव दुपारपर्यंत त्याच्या गोऱ्या मालकाच्या कानी जाते, संध्याकाळपर्यंत त्याचे काम जाते, आणि पुढे काय व्हायचे ते रात्र ठरवते, हे आमच्या अलाबामात कुणाला सांगावे लागत नाही.

पण मला राग लोकांचा नव्हता. राग रेव्हरंडांचा होता.

माझ्या भाषणाच्या गाभ्याशी चार वाक्ये होती. ‘ज्या हातांनी या जिल्ह्याचा कापूस वेचला, ज्या हातांनी या जिल्ह्याची लेकरे न्हाऊमाखू घातली, ज्या हातांनी या जिल्ह्याची मढी पुरली, त्या हातांनी एक कागद भरायला निघावे, तर जिल्ह्याने थरथर का कापावे?’ तीन पायऱ्या आणि मग दार. चौथे वाक्य आले की माणूस बसूच शकणार नाही, अशी ती बांधणी होती. रेव्हरंड पहिल्या पायरीवरच मुक्काम करीत. “कापूस वेचला!” ते गरजत. “कुणी वेचला?” “आम्ही!” चर्च उसळे. “कुणी वेचला म्हणालात?” “आम्ही!” मग त्यांना स्वतःची आजी आठवे, आजीची झोळी आठवे, झोळीतला साप आठवे. साप मारून होईपर्यंत सभेची वेळ संपलेली असे. चौथे वाक्य दोन वर्षांत एकदाही कुणाच्या कानावर पडले नव्हते.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेलो, आणि जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. “पाळकसाहेब, उद्या जसं लिहिलंय तसंच वाचा. मध्ये थांबायचं नाही. साप तर अजिबात नको.”

ते म्हणाले, “वचन देतो, लेम. जसंच्या तसं वाचतो. पण हे शेवटचं. उद्या कुणी उभं राहिलं नाही, तर मी परत विचारणार नाही. लोकांना दर वेळी मान खाली घालायला लावायची, हे आता बघवत नाही.”

तेव्हा त्या रविवारी सगळे काही माझ्या चौथ्या वाक्यावर येऊन ठेपले होते.

“झालं का वाचून?” मावशीने हॅट चढवत विचारले. “कागदाला भोक पडेल.”

“आज फरक पडेल, मावशी. बघच.”

“आणि तू रे? एवढं लिहितोस, तुझं नाव कधी घालणार कोर्टाच्या त्या वहीत?”

“कितीदा सांगू? मी शाळेत शिकवतो. मला काढलं, पकडलं, तर भाषणं कोण लिहील?”

“हो ना,” ती म्हणाली. “तेही खरंच.” आणि आरशात पाहून तिने हॅटची पिन जरा जास्तच जोरात खुपसली.

रेव्हरंडांनी वचन पाळले. चष्मा लावून, बोट ओळीवर ठेवून ते वाचू लागले. “ज्या हातांनी या जिल्ह्याचा कापूस वेचला,” आणि चर्चने सवयीने उत्तर दिले, “आम्ही!” पण रेव्हरंड थांबले नव्हते. दुसरे वाक्य त्या उत्तरावर जाऊन आदळले. लोक चपापले. पुढच्या ओळीला काहींनी अर्धवट ‘हो’ म्हटले आणि तेही गिळले. मग कुणी काही बोललेच नाही. पुठ्ठ्याचे पंखे तेवढे हलत राहिले. माझे चौथे वाक्य आले, अगदी स्पष्ट, एकही शब्द न गाळता, आणि समोरच्या भिंतीला लागून खाली पडले.

त्या शांततेत मागच्या बाकावरून एका म्हातारीचा आवाज आला, “प्रभू, सांभाळ त्याला.”

आमच्या चर्चमध्ये हे कधी म्हणतात, ते लहान मुलालाही ठाऊक असते. उपदेशक गटांगळ्या खायला लागला की म्हणतात. मायेने म्हणतात, पण त्याचसाठी म्हणतात. मी मनात चरफडलो: वाचायचीही पद्धत असते! आवाज कुठे उचलायचा, तेवढेही कळू नये?

रेव्हरंडांनी चष्मा काढला. “कागद सुंदर आहे,” ते म्हणाले. “ज्याने लिहिला तो पोरगा माझ्यापेक्षा हुशार आहे. पण कागदावर नाही ती एक गोष्ट सांगायची राहिलीय. दोन वर्षं मी तुम्हाला जा म्हणतोय. त्या वहीत माझं नाव नाही.”

“सांगा,” कुणीतरी हळूच म्हणाले.

“मी म्हणायचो, मी गेलो तर चर्चकडे कोण बघेल?”

“हं.”

“चर्च काय, मी नसलो तरी उभं राहील. मी भ्यालो होतो.”

“सांगा, पाळकसाहेब!”

“आताही भ्यालोय. गुडघे बघायचे असतील तर इथे मागे येऊन बघा. पण उद्या मी जातोय.” आणि ते गप्प झाले. ना टाळी घेणारा शब्द, ना शेवट.

पहिल्या बाकावरचे डीकन मिम्स, चर्चचे सर्वांत म्हातारे कारभारी, काठी टेकत उठले. “एकटे कुठे जाताय? तुम्हाला गाडी तरी धड चालवता येते का? मागच्या खेपेला माझ्या कुंपणातच घातलीत.”

हशा पिकला, आणि हशातच माणसे उभी राहू लागली. न्हावी मूडी. सुतार आणि त्याची बायको. दोघी धोबिणी, एकमेकींचे हात धरून. मी बसल्या जागी जळत होतो. याच्यासाठी? एका अर्धवट वाक्यासाठी? दोन वर्षे पायऱ्या रचल्या, आणि हे लोक गाडी कुंपणात गेल्याच्या विनोदावर उठतात! भाषणाची माझ्याजवळची नक्कल मांडीवरून घसरली होती; खाली विखुरलेली तिची पाने मी गोळा करू लागलो. तेवढेच काम माझ्या हाती उरले होते.

शेजारी निळी हॅट वर गेली. मावशी उभी होती. वीस वर्षे ज्यांच्या घरी स्वयंपाक केला, त्यांचे घर उद्या तिला बंद होणार, हे तिला माझ्याइतकेच माहीत होते.

“लेम,” ती म्हणाली. “ऊठ.”

“मावशी, पुढच्या सभेचं कुणीतरी लिहायला हवं ना.”

“आता काय लिहायचंय, बाळा? सगळे उभेच आहेत.”

मी पानांचा क्रम लावत राहिलो. एक, दोन, चार. तीन सापडत नव्हते. ती वाट पाहत राहिली. मग हातमोजा घातलेला तिचा हात माझ्या डोक्यावर आला, आणि फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात ती म्हणाली, “प्रभू, सांभाळ ह्याला.”

खिडकीतला उजेड बाकांवर पसरला होता. रिकाम्या बाकांवर तो फार लांबवर दिसतो. तिसरे पान माझ्या बुटाखालीच होते. ते मी उचलले नाही.

मला कोर्टात जायची भीती वाटत होती.