आक्षेप क्रमांक एक

समुद्रकाठच्या आमच्या लष्करी तळावर कुठली जमीन कशाला वापरायची, याचा नवा आराखडा निघाला की पर्यावरणाबद्दलचे लोकांचे आक्षेप माझ्या टेबलावर येतात. प्रत्येकाला लेखी उत्तर द्यायचं, असा कायदाच आहे. लोक कसले, शेजारच्या कोळीगावातल्या एकट्या व्हर्लीन गॅस्किल. गोळीबाराचं मैदान असो की कासवांची अंडी, बाईंचं पत्र ठरलेलं. अकरा वर्षं मी त्यांच्या नावानं बोटं मोडतोय.

परवा इंधनाच्या नव्या टाक्यांवर जनसुनावणी होती. चाळीस खुर्च्या मांडल्या आणि आल्या त्या एकट्याच, अंजिराचा केक घेऊन. कोणी येवो न येवो, दोन तास बसायचं हाही नियमच. कोपऱ्यात लघुलेखिका टकटक करत होती.

शेवटी मी वैतागून विचारलं, "बाई, खरं सांगा, या टाक्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

"काही नाही रे बाबा. माझ्या घरातून त्या दिसणारसुद्धा नाहीत."

"मग ही चार-चार पानी पत्रं?"

त्यांनी केकचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. "मुलगा टेक्सासात असतो. त्याला लिहिलं तर उत्तर येत नाही. तुला द्यावंच लागतं."

लघुलेखिकेनं तेही टिपलं. सुनावणीत बोललेलं सगळं आक्षेपातच धरतात.

'आपलं म्हणणं नोंदवलं आहे' हे उत्तरातलं नेहमीचं वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. शुक्रवारची मुदत आहे. माझ्या आईचं पत्र फेब्रुवारीपासून खणात पडलंय. त्याला मुदत नाही.