पाच छपरं, एक ताडपत्री

रेनांते सरांनी वेल्माच्या स्क्रीनवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "जोड."

स्क्रीनवर नदीकाठची तिचीच वस्ती होती, वादळानंतर आभाळातून टिपलेली. मदत वाटणाऱ्या एका परदेशी संस्थेसाठी फिलिपिन्समधल्या कागायान दे ओरो शहरात एका माडीवर बसून वेल्मासारखी पोरंपोरी फोटोतल्या प्रत्येक छपराभोवती रेघ ओढत, आणि रेनांते सर ते तपासत. एक आकार म्हणजे एक घर, आणि एका घराला एक ताडपत्री. वेल्माने पाच आकार काढले होते.

"सर, पाच घरं आहेत ती."

"मधे फट दिसते का? नाही ना? मग नियम काय? फट नसेल तर आकार एकच."

"फट दिसेल कशी? दोन घरांत मिळून एकच भिंत घालतो आपण, तेवढाच पत्रा वाचतो. छपरावरचे टायर बघा ना. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून ज्याने त्याने आपापले ठेवलेत. हे आमच्या आईचं घर. हे कोपऱ्यातलं तुमच्या पासिंग मावशीचं."

वेल्माला खरा संताप आला तो याचा, की हा माणूस त्याच वस्तीत वाढला होता. मावशीच्या हातचा भात आणि सुकी मासळी खाऊन मोठा झाला, आणि गळ्यात ओळखपत्र लटकल्याबरोबर त्याला छपरं ओळखू येईनात!

"मावशीला मधे आणू नकोस," सर म्हणाले. "तपासणीत चूक निघाली तर सगळ्यांचंच काम जाईल. सरक बाजूला."

त्यांनी स्वतःच पाचही आकार निवडले आणि जोडायचं बटण दाबलं. मधल्या रेघा गेल्या. पाच चुलींचं एक घर झालं.

पुढच्या महिन्यात एक निळी ताडपत्री आली. वेल्माच्या आईच्या दारात ती अंथरून पाच घरच्या बाया भोवती बसल्या आणि कोणाला किती यावरून भांडल्या. एरवी एकमेकींची पोरं सांभाळणाऱ्या बाया त्या, पण त्या दिवशी एकमेकींची उणीदुणी काढत होत्या. शेवटी कोयत्याने ताडपत्रीचे पाच तुकडे केले. पासिंग मावशीच्या वाट्याला आखूड तुकडा आला, आणि तिच्या अंथरुणावर पाणी गळतच राहिलं.

मग नवे फोटो आले. या खेपेला मदत कुठे पोचली ते दाखवायचं होतं. वेल्माच्या वाट्याला पुन्हा तीच वस्ती. छपरांवर पाच निळे तुकडे, आणि मधे चांगली हातभर फट.

"आता वेगवेगळे काढ," सर मागून म्हणाले. "पाच निळे, म्हणजे पाच घरं आणि पाच ताडपत्र्या. या वस्तीचं काम संपलं."

"द्यायच्या वेळी आम्ही एक, आणि दिलं म्हणून सांगताना पाच?" वेल्माचा आवाज असा चढला की शेजारच्या पोरींचे हात थांबले. "जनाची नाही, निदान मनाची तरी?"

"हळू बोल. नियम मी केलेत का?"

ती स्क्रीनकडे वळली. झाड किंवा खांब आड आल्यामुळे एखादी वस्तू तुटक दिसली, तर तिचे लांबलांबचे तुकडे जोडून एकच वस्तू करायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. वेल्माने पाचही निळे तुकडे निवडले आणि जोडले. एक ताडपत्री. मग मागच्या खेपेला सरांनी जोडलेलं छप्पर तिने घेतलं आणि टायर बघत बघत तोडलं. पाच घरं. आणि कोणाला न विचारता पाठवून दिलं.

सरांनी आपल्या खुर्चीत बसून ते उघडलं. बराच वेळ बघत राहिले. मग नामंजूर केलं, आणि वेल्माचं खातंही बंद केलं.

तिने पिशवी खांद्याला लावली. ती त्यांच्या टेबलापाशी पोचली तेव्हा ते अजून त्या फोटोकडेच बघत होते.

"वेल्मा," ते अगदी हळू म्हणाले, "यातला मावशीचा तुकडा कुठला गं? फार गळतंय का तिच्याकडे?"

"कुठली मावशी?" वेल्मा म्हणाली. "तिचं घर तर तुम्हीच पुसलंत की."