बाकावरची जागा

मारोतराव रिटायर झाले आणि दुसऱ्याच दिवशी भैयालालच्या चहाच्या टपरीवर त्यांची चिरफाड सुरू झाली. एकोणीस वर्षं हा माणूस कारखान्यातल्या भट्टी खात्याच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर होता. तेवढ्या वेळात चार फोरमन बदलले, हुडको कॉलनीत घरं उभी राहिली, पण बाकावर मॅनेजर म्हणून बसायचे ते मारोतरावच. त्यांच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती. त्यामुळे लोकांच्या पोटात एकोणीस वर्षांचं साठलेलं होतं.

"लय हट्टी माणूस, बाप्पा!" देवाजीनं सुरुवात केली. देवाजी क्रेन चालवायचा. त्यानं जन्मात बॉलला पाय लावला नव्हता, पण एक मॅच सोडली नव्हती. अशा लोकांची मतं फार पक्की असतात! "एकदा अकरा उतरवले का उतरवले. मंग कोणाचा पाय मोडो का डोस्कं फुटो, हे बदली करणार नाही. अन् ओरडणं तं असं, का समोरच्या टीमच्या बॅकले 'वर जाय, वर जाय' म्हणून राहिले होते एकदा. तो बिचारा गेला बी वर!"

सगळे खो खो हसले. भैयालालला मात्र ते आवडलं नाही. तो पक्का मारोतरावांचा माणूस.

"हँसो, हँसो," तो किटली आपटत म्हणाला. "नाइट शिफ्टवाल्यांची ड्यूटी कोण बदलून देत होता? सकाळी सकाळी फोरमनच्या दारात जाऊन कोण बसत होता? गोल खाल्ला तरी गोलकीपरला कधी गाली दिली त्यानं?"

"ते मानलं," देवाजी म्हणाला. "पण ती जर्सी? चांगली निळी होती, ती भडक नारंगी करून टाकली. अन् ग्राउंडवर चुना एवढा जाड टाकाले लावे, जसा का अंगणात रांगोळीचा चौक भरून राहिले."

शेषराव कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत होता. त्याला यातलं सगळं पाठ होतं, कारण नऊ वर्षं तो त्याच टीमचा राखीव खेळाडू होता. राखीव म्हणजे अगदी जपून ठेवल्यासारखा राखीव! नऊ वर्षांत तो मैदानात उतरला दोनदा, आणि दोन्ही वेळा मारोतराव गावाला गेलेले होते. एरवी त्याची जागा बाकावर, मारोतरावांच्या डाव्या हाताला. ते मैदानाकडे बघत विचारायचे, "कोणाले दिला रे?" आणि शेषराव सांगायचा, "लेफ्ट विंगले, भाऊ. तो लाइनीलाइनीनं पुढं चालला." त्याला वाटायचं, भाऊ आपली परीक्षा घेऊन राहिले. नीट उत्तरं देत गेलो तर एक दिवस म्हणतील, जाय, उतर. त्या एका शब्दावर त्यानं आपली सगळी जवानी काढली.

देवाजीची नजर त्याच्याकडे वळली. "यालेच विचारा ना! काय रे शेषराव, एक्क्याऐंशीच्या फायनलमंदी तुले कावून नाही उतरवलं? एका गोलानं मागं होतो, विंगर लंगडून राहिला होता, तरी तू बसूनच! मी सांगतो कावून. तुह्या पायात दम नव्हता. नाही तं चांगल्या प्लेयरले कोणी बसवून ठेवते का?"

शेषरावानं अर्धा चहा तसाच ठेवला. दुसरा कोणी असता तर देवाजीच्या चार पिढ्या उद्धरल्या असत्या. हा सायकल काढून निघाला. मारोतराव दुपारी ट्रकनं साकोलीकडे आपल्या गावाला जाणार होते. विचारायचं ते आजच.

वाटभर त्याला ती फायनल दिसत राहिली. तिच्यासाठी त्याचे वडील, धोंडबा, गावाहून आले होते. नवं धोतर, डोक्याला पटका. पोरगा कारखान्याच्या टीममध्ये आहे, हे त्यांनी गावभर सांगितलेलं. कॉर्नरजवळच्या दोरीला धरून ते पूर्ण मॅच उन्हात बसले. वीस मिनिटं उरली तेव्हा शेषराव म्हणाला होता, "भाऊ, लेफ्ट विंगर लंगडून राहिला." आणि मारोतराव म्हणाले होते, "तू बस. सांगत राह्य." टीम हरली. घरी परतताना वडिलांनी एवढंच विचारलं, "तुही पाळी आलीच नाही का रे?" दुसऱ्या दिवशी ते गावी गेले आणि त्याच वर्षी, धान कापणीच्या दिवसांत, वारले. ती पाळी काही आली नाही. शेषरावाला ते अजून सहन होत नव्हतं.

क्वार्टरसमोर ट्रक अर्धा भरला होता. मारोतरावांची बायको शकुबाई भांडी पोत्यात बांधत होती. मारोतराव अंगणात लोखंडी पेटीवर बसले होते.

"कोण?"

"मी, भाऊ."

"शेषा! ये, बस." त्यांनी पेटीवर डाव्या बाजूला जागा केली.

शेषराव बसला नाही. "भाऊ, एकच विचाराले आलो. फायनलमंदी मले कावून नाही उतरवलं? माह्या पायात दम नव्हता का?"

शकुबाईचे हात पोत्यावर थांबले.

"सांगून टाका आता," ती म्हणाली. "आता कोण काय करते?"

"मले दिसत नव्हतं, शेषा," मारोतराव म्हणाले. "भट्टीच्या उजेडानं डोळे गेले होते. अठ्ठ्याहत्तरपासून. जवळचं दिसे, दूरचं सारं धुकं. सांगतलं असतं तं भट्टीवरून काढून कुठं स्टोअरमंदी बसवलं असतं, अन् टीम गेली असती. म्हणून नारंगी जर्सी. म्हणून जाड चुना. अन् म्हणून तू. बाकीचे नुसते 'गेला, गेला' ओरडत. तू सांगे तं मले मॅच दिसे. तुले उतरवलं असतं, तं मले कोणी सांगतलं असतं?"

शेषराव ओरडला, "माहा बाप उन्हात बसून होता, भाऊ! तुमच्या डोळ्यांपायी माह्या बापानं मले एकदा बी खेळताना पाह्यलं नाही!"

"होय." मारोतरावांनी मान खाली घातली. "टीमचा मोह सुटला नाही मले. मी तुह्यावर अन्याय केला. रोज आठवते."

निदान त्यांनी सबब सांगितली असती, तर भांडता तरी आलं असतं. ट्रकवाल्यानं घाई करायला हॉर्न वाजवला. तेव्हा मारोतरावांनी वर पाहिलं, नेहमीसारखं त्याच्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला.

"शेषा, तू खेळत कसा होता रे? मी बी कधी पाह्यलं नाही."

आजवर कोणीच त्याला हे विचारलं नव्हतं. तो मारोतरावांच्या डाव्या हाताला पेटीवर बसला. अंगण, पोती, ट्रक सगळं समोर होतं, पण तो पाहत होता दुसरंच.

"वीस मिनिटं राहिली, भाऊ," तो म्हणाला. "विंगर बाहेर आला. तुम्ही म्हणले, जाय. मी उतरलो."

"कोणत्या बाजूनं?"

"डाव्या. पहिलाच बॉल भेटला. बॅक अंगावर आला, त्याले बाहेरून काढला. चुन्याच्या लाइनीलाइनीनं पळून राहिलो."

"दम लागला का?"

"नाही. अजिबात नाही. कॉर्नरपाशी पोचलो, आत वळलो अन् डाव्या पायानं मारला."

मारोतरावांनी त्याचा गुडघा घट्ट धरला. "गोल?"

शेषरावानं नऊ वर्षांत त्यांना एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. त्यानं डोळे पुसले.

"ते मी नाही पाह्यलं, भाऊ," तो म्हणाला. "मी दोरीकडे पाहून राहिलो होतो. बाबा उठून उभे झाले होते."